पडद्याची पिशवी

२ नोव्हेंबर २०१९, शनिवार

आइसबॉक्स आला. निळा, जाड झाकणाचा, मासळीच्या टेम्पोत असतो तसला. विनूने म्हापशाहून स्कूटरवर आणला, मागे सुतळीने बांधून. धारगळच्या तिठ्यावर दोघांनी हात करून थांबवलं म्हणे — "बांगडो कसो दिलो?" ही म्हणाली, "संपलो."

खोका ओसरीवर ठेवलाय. खाली भोक पाडून नळ बसवायचा आहे. ह्यात मासळी नाही, बिअर व्हायची आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहून ठेवते, नाहीतर माझाच गोंधळ होतो.

विनोदिनी, माझी एकुलती एक, तुयेच्या औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. चार वर्षं झाली. त्याच औद्योगिक वसाहतीत एक लहान बिअरचा कारखाना आहे. तिथलं बिअर करण्याचं काम कृष्णनाथ म्हणून एक गृहस्थ बघतात. त्यांच्या कंपनीला बंगळुरूला शिकायला दोन माणसं हवी आहेत. दोन वर्षं शिकायचं, पगार घ्यायचा, मग कंपनी टाकील तिथे जायचं. अट एकच. घरी स्वतःच्या हाताने केलेली बिअर आणून द्या. डब्यातून तयार पाक मिळतो, त्याची चालणार नाही. अख्ख्या दाण्यापासून केलेली पाहिजे. सोळा डिसेंबरला दोन बाटल्या त्यांच्या टेबलावर.

म्हणजे बिअर चांगली झाली तर विनू जाणार. बिघडली तर राहणार.

मी तिला म्हटलं, कर. दुसरं काय म्हणणार?

५ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारच्या पार्वतीवहिनीने कुंपणावरून मान काढली. "गो रुक्मिणी, हो खोको कसलो?"

सांगितलं.

"चेडवाक स्थळ बघूचा सोडून सोरो गाळूक बसयलंस?"

मी म्हटलं, दारू गाळायची नाही, बिअर आंबवायची.

"आंबवूक इडलीचा पीठ नाय तुज्या घरात?"

विनू आतून ओरडली, "काकी, पयली बाटली तुका!"

वहिनीने मान कुंपणाआड घेतली. नको मात्र म्हणाली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीचं लग्न. ऊस विनूने उभा केला, चिंचा-आवळे तिनेच बांधले, दिवे तिनेच लावले. मी पोहे भिजवले. पुढच्या वर्षी ऊस कोण उभा करील ते मनात आलं. पोह्यांत गूळ जास्त पडला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कुरिअरने माल्ट आला. अडीच किलो, कागदी पिशवीत. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. चार दाणे चावून बघितले. आधी कोंडा, मग गोड. मोड आलेली नाचणी वाळवून भाजली की येतो तसा वास.

रात्रीच्या जेवणानंतर विनूने तिच्या इंग्रजी पुस्तकातून समजावून सांगितलं. दाणे फोडायचे. गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवायचे, पाणी सदुसष्ट अंशांवर राहिलं पाहिजे, म्हणून आइसबॉक्स. तासाभरात दाण्यातली साखर पाण्यात उतरते. मग नळ उघडून गोड पाणी काढून घ्यायचं. तेच उकळायचं, तेच आंबवायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचणं माझं मीच केलं — आधी ह्यांच्या ट्रकाचे कागद, मग ज्यात चणे बांधून येत ते कागद, मग वाचनालयातली पुस्तकं. इंग्रजी अक्षरं लावता येतात, अर्थ लागत नाही. पण विनूच्या पुस्तकातली चित्रं बघून काम कळलं. स्वयंपाकच आहे. उगाच एवढं जाड पुस्तक केलंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माझ्या हातून घोळ झाला.

विनू कामाला जाताना सांगून गेली, "आई, भिकाजीच्या गिरणीतून माल्ट फोडून आण. दळून नको, फोडून." मी नेला. भिकाजीने मूठभर हातात घेतले.

"वयनी, ह्या खायचा काय?"

"प्यायचं."

त्याला एवढं हसू आलं की पट्टा सोडून पायरीवर बसला. मग विचारलं, कसं काढू? मी म्हटलं, जाडसर. तो म्हणाला, "वड्यांच्या पिठासारखा?" मी म्हटलं, तसंच.

आता जाडसर म्हणजे आमच्याकडे वड्यांचंच पीठ. दुसरं जाडसर मला ठाऊक नाही. त्यालाही नाही.

संध्याकाळी विनूने पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"आई, फोडून आण म्हटलं होतं."

"फोडलंच आहे."

"हे पीठ आहे."

"पीठ नव्हे. वड्यांचं जाडसर."

ती रागावली नाही. तेच वाईट वाटलं. तिने सांगितलं ते असं — दाणा फुटला पाहिजे पण त्याची साल अख्खी राहिली पाहिजे. खोक्याच्या तळाला त्या सालींचाच थर बसतो आणि पाणी त्यातून गाळून येतं. साल मोडली की गाळणीच गेली. नवा माल्ट मागवला तर यायला आठ-दहा दिवस. पुढे आंबायला दोन आठवडे, बाटलीत दोन आठवडे. दिवस पुरत नाहीत. आहे त्यातच रविवारी करायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंग दुखतंय, पण आज लिहायला हवं.

सकाळी पोदेर पाव देऊन गेला तेव्हाच आम्ही मोठा टोप गॅसवर चढवला होता. पाणी तापवून खोक्यात ओतलं, त्यात ते पीठ. विनू ढवळत होती, मी थोडं थोडं सोडत होते, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. बरोबर सदुसष्ट! झाकण लावून वर ह्यांची गोधडी गुंडाळली. तासभर हात लावायचा नाही. मी तेवढ्यात आमटी करून घेतली.

तासाने नळ उघडला. एक थेंब आला. लोंबकळला. पडला. दुसरा आलाच नाही.

आत नळाला जाळीची नळी लावलेली, तिच्यावर लापशी बसली होती. विनूने नळाला तोंड लावून फुंकलं. आत बुडबुडा आला, बाकी काही नाही. गरम पाणी घातलं. ढवळलं. उलथन्याने तळ खरवडला. नळ सुकाच. अर्धा तास हाच खेळ. शेवटी ती पायरीवर बसली. "जाऊ दे गे आई. झालं ते झालं."

मी म्हटलं, "आपण नाचणीचं सत काढतो तेव्हा नळ असतो काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"कापडातून गाळतो. हेही गाळू."

धोतराचं कापड चाललं नसतं. दाट विणीचं, ह्या चिकट लापशीने ते लगेच बंद पडलं असतं. मच्छरदाणी फार मोकळी, सगळं पीठच खाली येईल. मधलं पाहिजे. आणि ते घरात एकच होतं — हॉलच्या खिडकीचा पांढरा झिरझिरीत पडदा. ह्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला, विनू बारावीला पास झाली त्या वर्षी. पाहुणे येतील म्हणून. पेढ्याला आले तेवढेच.

विनू म्हणाली, "आई, तो नको."

मी तोवर स्टुलावर चढले होते.

खोक्याचं माप घेतलं, वर चार बोटं जास्त धरली, तिन्ही बाजूंनी दुहेरी शिवण घातली. मशीन कुरकुरली, पण धागा तुटला नाही. वीस मिनिटं. तोवर विनू खोका झाकून बसली होती, ऊब जाऊ नये म्हणून. पिशवी उकळत्या पाण्यातून काढली. दोघींनी मिळून लापशी टोपात ओतून घेतली, खोका धुतला. तळाला मोदकपात्रातली जाळी ठेवली, नाहीतर कापड नळाच्या भोकात ओढलं जाऊन पुन्हा तेच झालं असतं. मग पिशवी आत सोडली, तिचं तोंड खोक्याच्या काठावर उलटं करून कपड्यांचे चिमटे लावले आणि लापशी परत आत.

नळ उघडला.

आधी गढूळ आलं. मग धार लागली. करंगळीएवढी, न तुटणारी, काळ्या चहाच्या रंगाची. विनू उकिडवी बसून नुसती बघत होती. मग हसायला लागली. मीही.

शेवटी पिशवी उचलून ओसरीवरच्या झोपाळ्याच्या कडीला टांगली, खाली टोप. मी पिळायला हात घातला तर म्हणते, "पिळू नको, पुस्तकात लिहिलंय तुरट होतं."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी सत काढलं होतं काय?"

पिळलं. दोन तांबे आणखी निघाले. तिने काचेची कांडी त्यात सोडून बघितली — ती कांडी तरंगते आणि साखर किती ते सांगते. दोनदा बघितली. आकडा हवा होता त्याहून जास्त! बारीक दळलं होतं ना, दाण्यातली साखर सगळी उतरली. "पिशवी असेल तर बारीक दळलेलंच बरं," म्हणाली. भिकाजीला सांगायला हवं.

पुढचं सोपं. तासभर उकळलं, कडवटपणासाठी हॉप्स घातल्या — हिरव्या गोळ्या असतात, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसतात आणि कडुनिंब आणि लिंबाची साल एकत्र ठेचल्यासारखा वास येतो. टोप विहिरीच्या पाण्यात बसवून निववला, पाणी तीनदा बदललं. मग झाकणाच्या बादलीत ओतून वर यीस्ट.

चोथा पार्वतीवहिनीच्या गाईला दिला. गाईने वहिनीच्या हाताला धक्का देऊन दुसऱ्यांदा मागितला. वहिनी म्हणाली, "बाटली सोड. माका ह्योच चोथो दी आठवड्याक."

१८ नोव्हेंबर, सोमवार

काल सगळं लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही.

पिशवीचं मला नंतर सुचलं नाही. नळाचा पहिला थेंब लोंबकळला तेव्हाच सुचलं होतं. ती फुंकत होती, पाणी ओतत होती, तळ खरवडत होती, आणि मी बाजूला पदर खोचून उभी. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. अर्धा तास. पोरगी जाईल म्हणून.

मनात म्हणत होते, मी काही बिघडवत नाहीये. नुसती गप्प आहे.

मग ती पायरीवर बसली आणि वही काढली. मला वाटलं, आता रडेल. ती लिहीत होती. पाणी किती घातलं, किती अंशांवर, नळ किती वाजता बंद पडला. बिघडलेल्या कामाचेही आकडे ती लिहीत होती. खाली एक रेघ मारून पेन्सिल कानावर ठेवली, ह्यांच्यासारखी.

तेव्हा तोंड उघडलं.

हे तिला सांगायचं की नाही, ठरत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

बादली न्हाणीजवळच्या अंधाऱ्या खोलीत आहे. भोवती ओलं गोणपाट, बाजूला बर्फाच्या बाटल्या. सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदलायचं काम माझं. गरम झालं तर चव जाते म्हणे. झाकणावर पाण्याची लहान नळी आहे, त्यातून हवा बाहेर येते — बुडुक. थोडं थांबून पुन्हा बुडुक.

विनू कामावर गेली की घरात फक्त तेवढाच आवाज. दुपारी त्या खोलीच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसते. बरं वाटतं. कोणीतरी आत आहे असं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज ह्यांना जाऊन नऊ वर्षं.

डिचोलीहून खनिज भरून ट्रक जेटीवर जायचे. उतरवायला रांग, कधी कधी दोन-दोन तास. त्या दिवशी रांग पुढे सरकली, ह्यांचा ट्रक सरकला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. कोणीतरी शिव्या देत दाराशी गेला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेत असंच त्याला वाटलं.

हे, अनंत सावंत, घरात फार बोलायचे नाहीत. पण महिन्यातून एकदा एक बाटली बिअर आणायचे आणि ओसरीवर बसून अर्धा तास पुरवायचे. मी विचारायची, काय असतं त्यात? म्हणायचे, "गारवा." आता घरात दहा लिटर आहे.

विनूने पान वाढलं. कावळा लगेच आला. नेहमी तासभर लावतो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बुडुक थांबलं. मी घाबरून विनूला कारखान्यात फोन केला. ती म्हणाली, "आई, थांबायलाच हवं. साखर संपली." तिच्या मागे कोणीतरी हसत होतं.

१ डिसेंबर, रविवार

बाटल्या भरल्या. अठ्ठावीस. प्रत्येकीत चिमूटभर साखर, बुडबुडे यायला. बूच बसवायचं यंत्र हाताने दाबायचं असतं, ते माझं काम. पहिली दोन वाकडी बसली, मग हात बसला. एक बाटली जरा अपुरी राहिली, ती विनूने तशीच पिऊन टाकली. कशी आहे विचारलं तर म्हणाली, "अजून कच्ची." पण दुसरा घोटही घेतला.

पिशवी धुऊन दोरीवर घातली. डाग पडलाय. पडदा म्हणून पुन्हा लावता येणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

वाट बघणं. काजूखालचा पाला काढला.

११ डिसेंबर, बुधवार

भिकाजीला सांगितलं की त्याने दळलं ते बरं झालं. तर म्हणतो, "माका म्हायत होता वयनी. म्हणून तर तसा दळलंय." 

१५ डिसेंबर, रविवार

आज एक बाटली उघडली. फेस वर आला आणि पेल्यावर बसून राहिला. रंग मधासारखा, थोडं गढूळ. मी आयुष्यात पहिल्यांदा घेतली. आधी कडू. मग माल्टची ती चव येते, दाणा चावल्यावर आली होती ती. मग गार. पुन्हा घेतली. खरं ते लिहायचं तर अर्धा पेला संपवला.

वहिनीला बाटली द्यायचं कबूल केलं होतं. तिने तोंड वाकडं केलं — "कडू जहर!" — आणि पेला पुढे केला.

विनू पेला नाकाशी धरायची, घोट घ्यायची, वहीत लिहायची. मी विचारलं, "चांगली आहे काय?" म्हणाली, "चांगली आहे, आई." हळूच म्हणाली. आनंद झालेला माणूस असं बोलत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून डिकीत घालून घेऊन गेली. संध्याकाळी सांगितलं ते असं. कृष्णनाथांनी पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट घेऊन तो तोंडात फिरवला. मग तिची वही मागितली आणि पान पान वाचली. "एवढं बारीक दळून तुझा नळ चालला कसा?" ही म्हणाली, "आईने पडदा फाडून पिशवी शिवली."

ते वहीकडे बघत म्हणाले, "अर्धा तास वाया गेलाय इथे. आधीच का नाही सुचलं?"

विनू म्हणाली, "सुचलं तेव्हा केलं."

मी पोळी भाजत होते. उलटायची राहिली, करपली.

मग मी सांगितलं तिला. सगळं. तव्याकडे बघूनच सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तू बोललीस ना पण." आणि करपलेली पोळी आपल्या ताटात घेतली.

१९ डिसेंबर, गुरुवार

गोवा मुक्तिदिनाची सुट्टी. विनू घरी. रिकाम्या बाटल्या धुतल्या, उडदाचे पापड उन्हात घातले. दोघींनीही बंगळुरूचं नाव काढलं नाही. खिडकीला पडदा नसल्याने दुपारचं ऊन थेट हॉलमध्ये येतं. विनू त्या उन्हातच झोपली, लहानपणी झोपायची तशी, गुडघे पोटाशी घेऊन.

२३ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी कृष्णनाथांचा फोन. निवड झाली.

विनू ओसरीवर उभी राहून ऐकत होती. हो सर. हो सर. मग म्हणाली, "सर, मला नाही जमणार. घरी आई एकटी असते."

मी भांडी घासत होते. हात पुसले, बाहेर गेले आणि तिच्या कानाजवळचा फोन काढून घेतला. म्हटलं, "नमस्कार, मी विनोदिनीची आई बोलते. ती येणार. कधी पाठवू ते सांगा."

ते म्हणाले, सहा जानेवारी.